कात्सुरा: करपलेल्या पाकाचा वास देणारं झाड

जपानच्या डोंगरात ऑक्टोबरमध्ये ओढ्याकाठून जाताना मध्येच पाक करपल्यासारखा गोड वास येतो. जवळपास चूल नसते. वास येतो तो पायाखालच्या पिवळ्या पानांचा. हे झाड कात्सुरा, शास्त्रीय नाव सर्सिडिफायलम जापोनिकम. पाव भाजताना किंवा साखर करपताना माल्टोल नावाचं जे रसायन तयार होतं, तेच या सुकत्या पानांत असतं, तेही आगीशिवाय. हिरवं पान कितीही चुरगळा, हा वास येत नाही. जपानात काही ठिकाणी वाळल्या पानांची पूड धुपासाठी वापरत.

पान ४ ते ८ सेंटिमीटरचं, हृदयाकृती. पिंपळाच्या पानाची शेपटी कापून टाकावी तसं. मात्र ही हृदयं आखूड, गाठीसारख्या फुटव्यांवर, प्रत्येकी एकच. त्याच झाडाच्या लांब कोवळ्या फांद्यांवरची पानं जोडीने येतात आणि लांबट असतात. पान कोवळं असताना तांबूस, शरदात पिवळं, जर्दाळू रंगाचं, कधी गुलाबी. थंड रात्री आणि स्वच्छ ऊन मिळालं तर लाली चढते. आम्लधर्मी मातीही रंगाला मदत करते.

पण शरदाचा खरा निकाल उन्हाळ्यातच, म्हणजे तिकडच्या जून ते ऑगस्टमध्ये लागतो. मुळं उथळ, त्यामुळे माती कोरडी पडली की पानांच्या कडा करपतात आणि ऑगस्टमध्येच पानं गळू लागतात. मग शरदात रंग नाही. अमेरिकेत किंवा युरोपात अंगणात हे झाड लावणाऱ्यांची निराशा बहुधा इथेच होते. दोष मात्र रोपवाटिकेला दिला जातो!

लागवड कळ्या फुटण्याआधी करावी. खड्डा रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्याइतकीच. बुंध्याचा पसरट भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. वर ५ ते ७ सेंटिमीटर सालींचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर साल कुजते. पहिली दोन-तीन वर्षं पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा सावकाश, मुरेपर्यंत पाणी द्यावं. रोज थोडं थोडं शिंपडल्याने मुळं वरच राहतात. थंड हवा साचते अशी सखल जागा टाळावी: पालवी लवकर फुटते आणि उशिराच्या हिमाने काळी पडते. झाड सहसा मरत नाही, दुसरी पालवी येते.

नर आणि मादी झाडं वेगळी. मादीला बोटाच्या पेराएवढ्या, केळ्याच्या फणीसारख्या शेंगा लागतात. वास दोघांनाही येतो.