समाजशास्त्राची पदवी : ‘स्पेशल’पासून ‘मेजर’पर्यंत

समाजशास्त्र घेऊन बी.ए.ला प्रवेश घेणाऱ्याच्या हातात आज जो तक्ता पडतो त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (खुला ऐच्छिक विषय), आणि कौशल्य, भाषा, मूल्ये, भारतीय ज्ञानपरंपरा यांसाठीचे व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी रांग असते. दहा वर्षांपूर्वी त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या त्याच्या ताईच्या गुणपत्रिकेवर जी-१, जी-२ (जनरल, म्हणजे सामान्य पेपर), एस-१, एस-२ (स्पेशल, म्हणजे मुख्य विषयाचे पेपर) एवढेच होते. आतला मजकूर म्हणाल तर बराचसा तोच आहे : कुटुंब, जात, धर्म, दुर्खीम, वेबर, मार्क्स, संशोधन पद्धती. बदलत आला तो तीन वर्षांतला या विषयाचा वाटा आणि तो वाटा केव्हा ठरवायचा याचा नियम. महाराष्ट्रातल्या समाजशास्त्र पदवीवरचे बहुतेक वाद विचारवंतांवरून झाले नाहीत, या नियमावरून झाले.

विषय आला तो वरच्या टोकाकडून. मुंबई विद्यापीठात १९१९ साली ‘समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र’ असा विभाग एका स्कॉटिश नगररचनाकाराच्या हाती देऊन सुरू झाला. १९२४ पासून १९५९ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, विभागाची धुरा एकाच भारतीय प्राध्यापकाकडे होती. तिथे एम.ए. आणि पीएच.डी. आधी आल्या. पुण्यात १९३९ पासून समाजशास्त्र आणि मानवशास्त्र एकाच छताखाली शिकवले गेले, तेही संशोधन संस्थेत. पदवीचा अभ्यासक्रम नंतर आला आणि तो एम.ए.च्या अभ्यासक्रमाला पातळ करून बनवला गेला. आजही तृतीय वर्षाचा ‘विचारवंत’ पेपर आणि एम.ए.च्या पहिल्या सत्रातला त्याच नावाचा पेपर शेजारी ठेवून पाहा. फरक मुख्यतः पानांच्या संख्येत दिसेल. गोव्यातली महाविद्यालये ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होती, त्यामुळे तिथल्या जुन्या पदवीधरांचा साचाही हाच.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर राज्यात दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आली. समाजशास्त्र अकरावी-बारावीच्या कला शाखेत ऐच्छिक विषय झाले आणि एक गुंता कायमचा मागे राहिला. प्रथम वर्षाच्या वर्गात निम्म्या मुलांनी हा विषय दोन वर्षे शिकलेला असतो, उरलेल्यांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. शिक्षकाला सामाजीकरण, संस्कृती, सामाजिक संस्था पुन्हा शून्यापासून घ्यावी लागते. आधी शिकून आलेली मुले कंटाळतात, ‘सोपा विषय’ असे मत करून घेतात आणि तृतीय वर्षाला प्रकार्यवाद किंवा परात्मता समोर आली की गडबडतात.

आता ‘स्पेशल’विषयी. इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे इथूनच निघते.

पुण्याच्या जुन्या वार्षिक पद्धतीत प्रथम वर्षाला समाजशास्त्राचा एकच पेपर, जी-१. द्वितीय वर्षाला तीन विषयांचे जी-२, आणि त्या तिघांपैकी एका विषयाचे एस-१ व एस-२. तृतीय वर्षाला तसेच जी-३, एस-३, एस-४. ज्याने समाजशास्त्र स्पेशल घेतले त्याचे या विषयाचे सात पेपर होत, प्रत्येकी १०० गुणांचे. ८० गुण वार्षिक परीक्षेला, २० सत्रान्त परीक्षेला. ज्याने नुसते जनरल घेतले त्याचे तीन. मुंबईत हिशोब वेगळा : प्रथम वर्षाला एक, द्वितीय वर्षाला दोन आणि तृतीय वर्षाला एक तर सहाच्या सहा पेपर समाजशास्त्राचे, नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. मुले त्याला ‘सहा युनिट’ आणि ‘तीन युनिट’ म्हणत. त्यामुळे ‘मी समाजशास्त्रातून बी.ए. केले’ या वाक्यामागे तीन पेपर असू शकत होते, सात असू शकत होते किंवा नऊ. एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर येऊ शकत असल्याने ही तफावत प्रवेशात अडत नसे. ती उघडी पडे एम.ए.च्या पहिल्या चाचणीत.

स्पेशल कोणता घ्यायचा हे विद्यार्थी ठरवतो, असे कागदावर होते. प्रत्यक्षात महाविद्यालयाला कोणत्या विषयाचा स्पेशल मंजूर आहे आणि त्याला पुरेशी मुले मिळतात का, यावर ते ठरे. मुलांची संख्या का मोजली जाते हे आकडेमोडीने लगेच कळते. पेपरमागे आठवड्याला चार तासिका धरा. स्पेशल चालू असलेल्या विभागात सात पेपर, म्हणजे २८ तासिका. सहायक प्राध्यापकाचा अध्यापनभार आठवड्याला १६ तास. म्हणजे जवळजवळ दोन पदांचे काम. स्पेशल बंद पडला की उरतात जी-१, जी-२, जी-३, म्हणजे १२ तासिका. एक पूर्ण पदही त्यात बसत नाही. मग एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, किंवा निवृत्तीनंतर जागा भरली जात नाही आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, शिक्षकाकडे जातो. प्रथम वर्षाच्या शेवटी प्रत्येक विभागाचे लोक वर्गावर्गात जाऊन आपला स्पेशल घ्या म्हणून का सांगत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. अभ्यासक्रम समितीत एखादा पेपर काढण्याला किंवा घालण्याला जो विरोध होई, त्यातला मोठा भागही असाच तासिकांचा असे, हे सांगायला कोणी फारसे तयार नसते.

तरी स्पेशलचा एक फायदा निर्विवाद होता. एस-पेपर वर्षभर चालत. संशोधन पद्धती जून-जुलैत सुरू करून दिवाळीपर्यंत गृहीतक, नमुना निवड, अनुसूची हे उरकायचे आणि दिवाळीनंतर मुलांना गावात किंवा वस्तीत पाठवायचे, एवढा अवकाश वेळापत्रकात होता. सगळीकडे हे होत होते असे नाही. पुष्कळ ठिकाणी गाइडमधून पाठ करून पेपर लिहिला जाई. पण करू पाहणाऱ्या शिक्षकाला जागा होती.

सत्र पद्धतीने ती जागा घेतली. मुंबईत २०११-१२ पासून आणि पुण्यात २०१९च्या पॅटर्नपासून एका पेपरचे दोन तुकडे झाले. प्रवेश लांबतात, परीक्षा मध्येच येतात, गणपती-दिवाळी जाते; पंधरा आठवड्यांच्या सत्रात शिकवायला दहा-अकरा आठवडे मिळाले तरी बरे. सत्रान्त लेखी आणि अंतर्गत गुणांचे प्रमाण मुंबईत सुरुवातीला ६०:४० होते आणि पुढच्या काही वर्षांतच ते बदलले. या धांदलीत क्षेत्रकार्य पहिल्यांदा गेले, कारण त्याला सलग दिवस लागतात.

आशयातले बदल याच काळात, पण शांतपणे झाले. सत्तरच्या दशकापासूनच्या दलित आणि स्त्री चळवळींमुळे फुले, आंबेडकर आणि लिंगभाव हे ‘सामाजिक समस्या’ या प्रकरणातून बाहेर येऊन विचारांच्या पेपरात आले. ते योग्यच झाले. फक्त ‘समाजसुधारकांचे कार्य’ या जुन्या शीर्षकाखाली तीच उत्तरे लिहून घेण्याची सवय अजून गेलेली नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाची राज्यातली अंमलबजावणी एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने सुरू झाली : स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठ विभाग २०२३-२४ पासून, संलग्न महाविद्यालये २०२४-२५ पासून. मोजमाप आता श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, क्षेत्रकार्याचा म्हणजे ३० तास, गुणांत २५. सत्राला किमान २० आणि कमाल २२ श्रेयांक.

वाद झाला तो मेजर केव्हा निवडायचे यावर. पहिल्या आराखड्यात पहिल्या सत्रापासूनच मेजर होते, चार अधिक दोन असे सहा श्रेयांक. मग ओरड झाली आणि मार्च २०२४ मध्ये दुसरी वाट आली : पहिल्या वर्षी तीन विषय समान, प्रत्येकी चार श्रेयांक, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर आणि तिसरा सुटतो. काही विद्यापीठे पहिल्या वाटेने गेली, काही दुसऱ्या. समाजशास्त्रासाठी दुसरी वाट निःसंशय बरी आहे. बारावीतून येणारा मुलगा मराठी, इतिहास, राज्यशास्त्र ओळखतो. पहिल्याच दिवशी मेजर विचारले की तो त्यातले काहीतरी सांगतो आणि समाजशास्त्र ओईच्या दोन श्रेयांकांवर येते. दुसऱ्या वाटेचा धोका ‘सुटणारा तिसरा’ होण्याचा, पण निदान वर्षभर विषय समोर राहतो. जुनी पुणे पद्धत जी-१ मधून हेच करत होती. ती मोडून, वर्षभर गोंधळ घालून, पुन्हा जवळपास तिथेच यावे लागले, हे नोंदवायला हवे.

नव्या रचनेने विषयाचा वाटा कापला, ही तक्रार मात्र आकड्यांवर टिकत नाही. केंद्रीय आराखड्यानुसार तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी किमान ६० मेजरचे. जुन्या पुणे पद्धतीत तीन वर्षांच्या सुमारे अठरा पेपरांपैकी स्पेशलचे सात. म्हणजे वाटा वाढला. कमी झाली ती सलगता. दोन-दोन श्रेयांकांचे, ३० तासांचे तुकडे पडले की वेबरची नोकरशाही एका सत्रात येते आणि प्रोटेस्टंट नीती दुसऱ्या शिक्षकाकडे, दुसऱ्या सत्रात.

आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आता सक्तीचा आहे, आणि ही समाजशास्त्राला मिळालेली सर्वांत मोठी संधी. दोन श्रेयांक म्हणजे ६० तासांचे काम, ५० गुण. बिघडते ते बहुधा पुढील ठिकाणी. प्रश्नावली आणि अनुसूची यांत गल्लत होते : प्रश्नावली उत्तरदाता स्वतः भरतो, अनुसूची विचारणाऱ्याने भरायची असते, वीटभट्टीवर प्रश्नावली वाटून काही हाती लागत नाही. जात आणि उत्पन्न हे प्रश्न पहिल्याच पानावर घेतले की पुढची उत्तरे आखडती येतात. ते शेवटी न्यावेत. ‘तुम्हाला रेशन वेळेवर आणि पुरेसे मिळते का?’ असा जोडप्रश्न विचारला तर ‘नाही’चा अर्थच लावता येत नाही. पाच-सहा जणांवर पूर्वचाचणी केली तर यातले बरेचसे आधीच दिसते, पण तीच गाळली जाते. आणि साठ मुलांमागे एक मार्गदर्शक असला की अहवाल एकमेकांवरून उतरतात. चार-पाच जणांचा गट, एकच वस्ती, प्रत्येकाने दहा अनुसूची आणि एकत्र तक्ता केला, तर ६० तासांत काम बसते.

स्पर्धा परीक्षांचा ओढा या सगळ्याच्या बाजूने चालत आला. केंद्रीय नागरी सेवा मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर. राज्यसेवेतून वैकल्पिक विषय २०१२ मध्ये गेले. वर्णनात्मक पद्धत आणि वैकल्पिक विषय परत आणण्याचा निर्णय झाला, त्यावर पुण्यात आंदोलने झाली आणि तो २०२५ च्या परीक्षेपासून लागू करायचे ठरले. याचा परिणाम स्पेशल किंवा मेजर निवडीवर लगेच होतो. पण पदवीचा अभ्यासक्रम या पेपरांना पुरत नाही : सामाजिक स्तरीकरण, पार्सन्स आणि मर्टन, भारतातली आदिवासी व ग्रामीण रचना हे तिथे पदवीपेक्षा खोलवर विचारले जाते.

नव्या धोरणाने पदवीला जोडलेल्या ऐच्छिक चौथ्या वर्षाचा प्रश्न अजून सुटायचा आहे. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी, म्हणजे संशोधनासह चार वर्षांच्या पदवीसाठी, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत, ते वर्ष केले तर एम.ए. एका वर्षाचे होते आणि तेवढ्याच गुणांवर थेट पीएच.डी.चा रस्ता उघडतो. अट विभागालाही आहे : पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम शिक्षक. संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२७ मध्ये तिसरे वर्ष संपवील, तेव्हा एकच मंजूर पद असलेल्या, त्यातही ते सीएचबीवर चालवणाऱ्या विभागांतल्या मुलांना चौथे वर्ष दुसऱ्या गावी शोधावे लागेल. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ वसतिगृह, एस.टी.चा पास आणि घरची परवानगी.