पोहायचं की नुसतं भिजायचं? बायकांच्या स्विमसूटची पार्श्वभूमी

स्विमसूटच्या इतिहासावरचे बहुतेक लेख सिसिलीतल्या एका फरशीपासून सुरू होतात. व्हिला रोमाना देल कासाले या चौथ्या शतकातल्या रोमन वाड्यात दोन तुकड्यांचे तोकडे कपडे घातलेल्या मुलींचं मोझेइक आहे. त्याला ‘जगातली पहिली बिकिनी’ म्हणतात आणि तिथून लेख एका उडीत आजची बिकिनी जिथे जन्मली त्या १९४६ सालच्या पॅरिसला पोहोचतो. पण त्या मुली पाण्याच्या जवळपासही नाहीत. कुणी धावतेय, कुणी वजनं उचलतेय, कुणी चेंडू खेळतेय. तो व्यायामाचा पोशाख आहे. माझ्या मते बिकिनीलाही या गोष्टीत तिच्या वाट्यापेक्षा जास्त श्रेय मिळतं. कपडा बदलला तो मुख्यतः दोन कारणांनी: बायकांना खरोखर पोहायचं होतं, आणि ओलं झाल्यावरही अंगाबरोबर राहील असा धागा हळूहळू मिळत गेला.

अठराव्या शतकात युरोपात समुद्रस्नान हा औषधोपचार होता. डॉक्टर सांगत आणि श्रीमंत मंडळी समुद्रकाठी जात. बायकांनी पाण्यात उतरायचं ते चाकांवरच्या लाकडी खोलीतून. घोडा ती खोली पाण्यात ओढून नेई, आत कपडे बदलायचे आणि मागच्या पायऱ्यांवरून थेट लाटांत उतरायचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुणाची नजर पडायला नको. बुडी देण्यासाठी पगारी बायका असत. ब्रायटनची मार्था गन तर त्या कामासाठी इंग्लंडभर प्रसिद्ध होती. व्हिक्टोरिया राणीने १८४७ साली अशाच गाडीतून पहिलं समुद्रस्नान केलं. तिची गाडी आजही ऑस्बोर्न या तिच्या जुन्या निवासस्थानी पाहायला मिळते.

अंगावर असायचा पायघोळ झगा. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांचा निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा लिननचा स्नानझगा माउंट व्हर्नन या त्यांच्या घरी जपून ठेवला आहे. त्याच्या घेराजवळ शिशाची वजनं शिवलेली आहेत. पाण्यात झगा फुगून वर येऊ नये एवढ्यासाठी ही सोय. वजन बांधून पाण्यात उतरायचं! पोहणं कुणाच्या हिशेबातच नव्हतं, हे त्या शिशावरून कळतं.

एकोणिसाव्या शतकात झगा गेला आणि गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, खाली सैल विजार, काळे मोजे, पायात कापडी बूट असा थाट आला. कापड बहुधा लोकरीचं, फ्लॅनेल किंवा सर्ज. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण त्यामागे हिशेब होता. ओली लोकर सुती कापडासारखी अंगाला चिकटत नाही, आरपार दिसत नाही आणि थंड पाण्यात थोडी ऊबही देते. अडचण एवढीच की ती पाणी पिऊन जड होते आणि ओघळते. कंबरभर पाण्यात दोर धरून उड्या मारायला हे कपडे पुरत. इंग्लंडात स्त्री-पुरुषांनी किनाऱ्याच्या वेगवेगळ्या भागांत स्नान करावं असे स्थानिक नियम होते. बेक्सहिल या गावाने १९०१ मध्ये एकत्र स्नानाला परवानगी दिली, तेव्हा तीही बातमी ठरली.

हे चित्र बदललं ते पोहणाऱ्या बायकांनी, आणि त्यांतली दोन-तीन नावं ऑस्ट्रेलियातली आहेत. सिडनीत १८८६ साली जन्मलेली अॅनेट केलरमन लहानपणी पायांनी अधू होती. पायांत ताकद यावी म्हणून तिला पोहायला घातलं. १९०५ मध्ये तिने इंग्लिश खाडी पोहून जायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, पण नाव झालं. ती पुरुषांसारखा अंगाबरोबरचा एकसंध पोशाख घाली. लंडनमध्ये राजघराण्यातल्या लोकांपुढे पोहायची वेळ आली तेव्हा उघडे पाय चालणार नव्हते, म्हणून तिने त्या पोशाखालाच काळे लांब मोजे शिवून टाकले. नियमही पाळला आणि हातपायही मोकळे राहिले. १९०७ साली बॉस्टनजवळच्या रिव्हिअर बीचवर तिला ‘असभ्य’ पोशाखाबद्दल अटक झाली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. त्या काळचा ठोस पुरावा मात्र इतिहासकारांना सापडलेला नाही. केलरमन रंगमंचावरची आणि पुढे चित्रपटांतलीही कलावंत होती, प्रसिद्धीचं मोल ती जाणून होती, हे लक्षात ठेवून ती गोष्ट ऐकावी. तिच्या नावाचे स्विमसूट नंतर बाजारात खपले, हे मात्र खरं.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा पोहायला मिळालं. ऑस्ट्रेलियाची फॅनी ड्युरॅक १०० मीटरमध्ये पहिली आली, तिचीच मैत्रीण मीना वायली दुसरी. पण या दोघी स्टॉकहोमला जाणारच नव्हत्या. न्यू साउथ वेल्सच्या महिला जलतरण संघटनेचा नियम असा होता की पुरुष प्रेक्षक असतील तिथे बायकांनी स्पर्धेत उतरायचं नाही. अध्यक्षा होत्या रोझ स्कॉट, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या. पोहण्याच्या कपड्यातल्या मुलींकडे पुरुष टक लावून पाहणार, हे त्यांना मान्य नव्हतं. नियम शिथिल झाला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. विरोध करणारे सगळे जुनाट पुरुषच होते, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

त्यानंतरची वीस वर्षं या इतिहासात सगळ्यात गजबजलेली. अमेरिकेत पोर्टलँडच्या एका विणकाम गिरणीने नावाड्यांसाठी ताणलं जाणारं रिब विणीचं कापड काढलं. त्याचेच स्विमसूट झाले आणि गिरणी ‘जँट्झन’ नावाने गाजली. ‘आंघोळीचं पोहणं करणारा पोशाख’ अशा आशयाची त्यांची जाहिरात होती. सिडनीत मॅक्रे यांच्या मोज्यांच्या गिरणीने १९२८ मध्ये पाठीवर खोल कापलेला, खांदे मोकळे सोडणारा सूट आणला. त्याचं नाव स्पीडो. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सोळा वर्षांची क्लेअर डेनिस तो घालून उतरली, तर खांद्याची हाडं फार दिसतात म्हणून तक्रार झाली. तक्रार फेटाळली गेली आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्णपदक तिने घेतलं.

मधल्या काळात किनाऱ्यांवर टेप घेतलेले पहारेकरी फिरत होते. वॉशिंग्टनमध्ये १९२२ साली सूटची कड गुडघ्याच्या सहा इंचांहून वर नको असा हुकूम निघाला. वाळूवर ओळीने उभ्या मुली आणि त्यांच्या मांड्यांशी वाकून टेप लावणारा माणूस, हे छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल.

१९३० च्या दशकात रबराच्या धाग्यावर सूत किंवा रेशीम गुंडाळून लास्टेक्स तयार झालं, आणि लोकरीचं ओघळणं संपत आलं.

आपल्याकडचा सर्वांत गाजलेला स्विमसूट याच दशकातला आहे, आणि तो मराठी चित्रपटातला आहे. १९३८ मध्ये मास्टर विनायक यांचा ‘ब्रह्मचारी’ आला. कथा आणि गाणी आचार्य अत्र्यांची. ‘यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया’ म्हणत मीनाक्षी शिरोडकर स्विमसूटमध्ये पडद्यावर आल्या आणि एकच गहजब झाला. टीका भरपूर झाली, तिकिटंही भरपूर खपली. कथाच ब्रह्मचर्याच्या व्रताची टिंगल करणारी, त्यामुळे हा पोशाख तिथे उगाच आणलेला नाही, नायकाची परीक्षा बघायलाच तो आहे. पॅरिसच्या त्या गाजलेल्या बिकिनीआधी आठ वर्षं.

आता ती बिकिनी. दोन तुकड्यांचे सूट १९३० च्या दशकातही होते, फक्त बेंबी झाकलेली असे. युद्धात कापडाची टंचाई झाली. अमेरिकी सरकारने बायकांच्या स्विमसूटमधलं कापड दहा टक्क्यांनी कमी करायला लावलं, तेव्हा पोट उघडं टाकणं देशकार्यात जमा झालं! १९४६ च्या उन्हाळ्यात फ्रेंच डिझायनर जॅक एम यांनी ‘आतोम’, म्हणजे अणू, या नावाने छोटा टू-पीस आणला. त्यावर कडी केली लुई रेआर या मोटार इंजिनियरने. तो आईचं अंतर्वस्त्रांचं दुकान सांभाळत होता. ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसच्या मोलितोर तरणतलावावर त्याने चार त्रिकोणी तुकड्यांचा सूट दाखवला. व्यावसायिक मॉडेल तयार होईनात, म्हणून मिशलिन बर्नार्दिनी या नर्तकीने तो घातला. चारच दिवसांपूर्वी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अणुबॉम्बची चाचणी घेतली होती, आणि ते नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तेच त्याने सूटला दिलं. त्या चाचण्यांसाठी १६७ बेटकऱ्यांना घर सोडावं लागलं होतं. फॅशनच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

खप मात्र लगेच झाला नाही. स्पेन, इटली, पोर्तुगालमध्ये बंदी आली. १९५१ च्या पहिल्या मिस वर्ल्डला बिकिनीत मुकुट चढवला गेला, त्यावरून धर्मगुरू संतापले. बंदी सैल झाली ती बऱ्याच अंशी पर्यटनाच्या पैशाने. स्पेनमधल्या बेनिदोर्मच्या महापौरांनी परदेशी पर्यटकांसाठी बिकिनीला मोकळीक दिली. चर्च खवळलं, तेव्हा महापौर व्हेस्पावर बसून माद्रिदला हुकूमशहा फ्रँकोला भेटायला गेले, असं सांगतात. परवानगी टिकली.

आपल्याकडे १९६६ हे वर्ष नोंदण्यासारखं. शर्मिला टागोर बिकिनीत ‘फिल्मफेअर’च्या मुखपृष्ठावर आल्या, आणि मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेणारी, मूळ गोव्याच्या घरातली रीता फारिया लंडनला जाऊन मिस वर्ल्ड झाली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, हीच स्पर्धा बंगळूरला भरली तेव्हा मात्र निदर्शनांमुळे स्विमसूटची फेरी सेशेल्सला हलवावी लागली.

धाग्याच्या बाजूने पाहिलं तर बिकिनीहून मोठी घटना १९५८ ची आहे. ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स बनवलं. बाजारातलं त्याचं नाव लायक्रा. कितीही ताणा, सोडलं की पूर्ववत. आज तलावावर सुती कपड्याला मनाई आणि नायलॉन-लायक्राचा आग्रह असतो, तो याच धाग्यामुळे शक्य झाला: सुताचे तंतू पाण्यात सुटतात, फिल्टरमध्ये अडकतात. गुडघ्यापर्यंतचा असो की छोट्या घेराचा ‘फ्रॉकवाला’, आपल्या दुकानांतले कॉस्च्युम याच कापडाचे. क्लोरीनच्या पाण्यात तेही कालांतराने सैल पडतं, हे रोज पोहणारी कुणीही सांगेल.

१९७३ मध्ये बेलग्रेडच्या पहिल्या जागतिक जलतरण स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या मुली त्वचेसारख्या चिकटणाऱ्या सूटमध्ये उतरल्या. अमेरिकी संघाचे सूट अजून पुढून छोट्या घेराचे होते. लवकरच तो घेर गेला. पुढे गंमत अशी झाली की किनाऱ्यावरचा सूट आखूड होत असताना शर्यतीतला लांब होत गेला. २००८ चा स्पीडोचा एलझेडआर रेसर खांद्यापासून घोट्यापर्यंत अंग आवळून धरी. शिवणीऐवजी जोड, जागोजागी पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे पट्टे, चाचण्यांना नासाची मदत. चढवायलाच कितीतरी मिनिटं लागत. २००९ च्या रोम स्पर्धेत अशा सूटांमध्ये ४३ जागतिक विक्रम मोडले, तेव्हा शर्यत पोहणाऱ्यांची की कापडाची असा प्रश्न उभा राहिला. १ जानेवारी २०१० पासून नियम आला: कापड विणलेलंच हवं, आणि बायकांचा सूट खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच.

किनाऱ्यावरचे वाद संपलेले नाहीत, फक्त कधीकधी दिशा बदलते. सिडनीच्या अहेदा झनेटी यांनी २००४ मध्ये मुस्लिम मुलींसाठी बुर्किनी बनवली. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या अनेक समुद्रकाठच्या गावांनी तिच्यावर बंदी घातली आणि त्यांतल्या एका गावाची बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्थगित केली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली म्हणून १५०० युरोंचा दंड झाला. पुरुष खेळाडू तर आधीपासूनच चड्डी घालत. जगभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला आणि बायकांनाही आखूड, घट्ट चड्डीची मुभा दिली. घट्टपणाची अट मात्र बायकांसाठी कायम राहिली.