खणल्याने तण जात नाही, वाढतं

पावसाआधी वाफे दोनदा खणले की तण मुळापासून जातं, असं खारघर-ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये माळीकाकांपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे सांगतात, पण होतं नेमकं उलटं. मातीत खाली तणाचं बी वर्षानुवर्षं पडून असतं, खणलं की ते वर येतं, उजेड मिळतो आणि उगवतं. लव्हाळा या तणाचं तर फारच वाईट, त्याच्या काळ्या गाठी खाली माळेसारख्या जोडलेल्या असतात, कुदळीने माळ तुटली की एरवी गप्प बसलेल्या गाठीसुद्धा कोंब काढतात. गांडुळांची बिळं मोडतात ते वेगळंच.

हां, भरावाची जागा असेल, मुरूम-डेब्रिज दाबून टाकलेलं, तर सुरुवातीला एकदा खणावंच लागतं, तेव्हाच कंपोस्ट मिसळा. मग मात्र कुदळ ठेवून द्या. वाफ्यावर टेप काढलेला ओला पुठ्ठा अंथरा, त्यावर ३-४ इंच सुका पालापाचोळा, फक्त रोपाच्या खोडापासून जरा लांब, नाहीतर आपल्याकडच्या पावसात खोड कुजतं. तरी केना हे तण डोकं काढेलच, ते फुलायच्या आधी उपटा आणि वाफ्यात टाकू नका प्लीज, ओल्या मातीत त्याचे तुकडे परत मूळ धरतात. लव्हाळा तर पुठ्ठासुद्धा भोसकून वर येतो, त्याला दिसला की खुरप्याने जमिनीलगत कापत राहायचं, गाठीतला साठा संपेपर्यंत.