बीट-गुळाने सिकलसेल जातो का?

नंदुरबार, शहादा, धडगावकडे वर्षानुवर्षे फिरणारा निरोप: 'सिकलसेल म्हणजे रक्त कमी. बीट, गूळ आणि लोहाच्या गोळ्या घ्या, आजार जातो.'

असं वाटणं साहजिक आहे. हिमोग्लोबिन कमी आलं की लोह, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण इथे माल, म्हणजे लोह, कमी नाही; हिमोग्लोबिनचा साचा वेगळा आहे. हिमोग्लोबिनमधलं बीटा-ग्लोबिन हे प्रथिन एचबीबी नावाच्या जनुकावरून बनतं. हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतं. त्यात एकाच अक्षराचा बदल होतो आणि प्रथिनाच्या १४६ मण्यांच्या (अमिनो आम्लांच्या) साखळीतला सहावा मणी बदलतो: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस, एवढंच! पण ऑक्सिजन सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. म्हणून या आजारात कळा येतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांतच फुटते. रक्त कमी दिसतं ते त्यामुळे.

फुटलेल्या पेशींतलं लोह बहुतेक शरीरातच राहतं. वारंवार रक्त चढवलेल्यांत तर ते साठतं. म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून कमतरता दिसली तरच लोह. डॉक्टर फॉलिक आम्ल देतात ते नव्या पेशी बनायला, आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात ते पेशी कमी वाकाव्यात म्हणून.

पडताळायचं तर आधी सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी. रिपोर्टवर 'एएस' म्हणजे वाहक (एक जनुक साधं, एक बदललेलं), 'एसएस' म्हणजे रुग्ण (दोन्ही बदललेली). वर्षभर बीट खाऊन पुन्हा तपासलं तरी ती अक्षरं तीच येतील. गूळ-शेंगदाणे खुशाल खा, चवीसाठी.