पक्षाघातानंतरचे हस्तकौशल्य-मापन

पक्षाघाताने (बोलीत लकवा) दुबळी झालेली बोटे किती वेगाने व किती नेमके काम करतात, हे ठरावीक चाचण्यांनी मोजण्याची पद्धत. मुठीतला जोर ही निराळी गोष्ट. घट्ट मूठ वळणाऱ्यालाही सदऱ्याचे बटण लावता येत नाही, असे पुष्कळदा दिसते.

सर्वांत रुळलेली आहे नऊ खुंट्यांची चाचणी. फळीला नऊ भोके आणि तपासायच्या हाताच्या बाजूला खुंट्यांची वाटी. एका वेळी एकच खुंटी उचलून सर्व भोके भरायची, मग एकेक काढून वाटीत टाकायची. पहिल्या खुंटीला बोट लागताच स्टॉपवॉच सुरू, शेवटची वाटीत पडताच बंद. आधी चांगला हात, मग बाधित. निरोगी प्रौढाला साधारण २० सेकंद लागतात, उतारवयात थोडे अधिक. भरण्याचा व काढण्याचा वेळ वेगळा टिपलेला बरा. चिमूट जमत नसेल तर भरताना वेळ जातो. बोटे उघडतच नसतील तर खुंटी वाटीवर येऊनही सुटत नाही, अंगठा तिला चिकटल्यासारखा राहतो. दोघांचे व्यायाम वेगळे.

खुंटी धरताच येत नसेल तर ठोकळ्यांची चाचणी घ्यावी: २.५ सेंमीचे १५० ठोकळे, पेटीतल्या मधल्या आडफळीवरून एका मिनिटात जितके पलीकडे जातील तितके गुण. त्याआधी १५ सेकंद सराव. बोटांची टोके आडफळी ओलांडून गेली पाहिजेत, फेकलेला ठोकळा मोजत नाहीत, दोन एकदम नेले तर एकच धरतात.

कोकणात हवेचा हिशेब ठेवावा लागतो. पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगून भोकात अडकतात, आणि मेपेक्षा जुलैतला वेळ वाढला की हात बिघडला असे वाटते. प्लास्टिकचा संच वापरावा, नाहीतर तपासणाऱ्याने आधी स्वतः एक फेरी करून पाहावी. घामेजलेली बोटे पुसून घ्यावीत. एसटीने लांबून आलेल्याला थोडे विसावू द्यावे. थकल्या हाताचा आकडा पुढच्या भेटीशी ताडता येत नाही.

आकड्याशेजारी हात कसा चालला हेही लिहावे: खांदा वर उचलला, धड पुढे झुकले, खुंटी फळीच्या कडेपर्यंत घसरवत नेऊन मग उचलली. वेळ सुधारूनही या सवयी तशाच असतील तर घरी खवणीवर नारळ धरताना, कोळंबी सोलताना किंवा जाळ्याची सुई ओवताना तो हात पुन्हा मांडीवरच राहतो.