रेडिओ व्यत्ययशोध, खानदेशातील

रेडिओ व्यत्ययशोध : हौशी रेडिओचालकांनी (हॅम) आपल्या पट्ट्यांवर (त्यांना ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर) येणाऱ्या खरखरीचा, गुंजारवाचा किंवा परक्या लहरीचा उगम अँटेना घेऊन, प्रत्यक्ष फिरून शोधून काढण्याचे काम. त्याला मोबदला नाही आणि अधिकारही नाही. भारतात हॅमला परवाना मिळतो तो दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखेकडून, 1978 च्या हौशी सेवा नियमांनुसार. व्यत्ययाची अधिकृत तपासणी करणारी वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन याच शाखेच्या अखत्यारीत येते. तिची केंद्रे मुंबई-नागपूरसारख्या शहरांत आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत कुठल्या तरी शिवारातल्या खांबावर ठिणगी पडत असेल, तर तिचा माग बहुधा ज्याला त्रास होतो त्यालाच काढावा लागतो.

हॅमच्या बोलीत माणसाच्या करणीने होणारा व्यत्यय म्हणजे क्यूआरएम आणि निसर्गाचा म्हणजे क्यूआरएन. मे महिन्यात सातपुड्यावर वीज कडाडू लागली की 40 मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे 7 मेगाहर्ट्‌झच्या आसपास, तुटक कडकडाट भरून राहतो. तो शोधण्यात अर्थ नाही. शोध असतो तो ज्याला काही लय आहे अशा आवाजाचा.

सुरुवात स्वतःच्या घरापासून होते. सेट बॅटरीवर चालवायचा, मेन स्विच पाडायचा आणि ऐकायचे. आवाज थांबला तर चोर घरातच. मग एकेक एमसीबी (घराच्या त्या-त्या भागाचा स्विच) चढवत जायचे. एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाइलचा स्वस्तातला चार्जर, वायफायच्या डब्याचा अडॅप्टर असे काहीतरी निघते. पुष्कळशा शोधमोहिमा अंगणातच संपतात, हे अनुभवी हॅम नव्याला सांगतो आणि नवा ते ऐकत नाही.

घर निर्दोष निघाले, तर अँटेना उचलण्याआधी आवाजाच्या वेळा टिपण्यासाठी वही उघडावी. खानदेशात व्यत्ययाचे वेळापत्रक हाच सर्वांत पक्का पुरावा ठरतो, कारण इथल्या शिवारातली वीज वेळापत्रकानेच चालते. शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला) थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री मिळते. आवाज त्या पाळीबरोबर येत-जात असेल, तर उगम मोटर, ऑटो स्टार्टर किंवा त्या फीडरवरची डीपी (रोहित्र) इथे कुठेतरी आहे. उन्हे वर आल्यावर सुरू होणारा, ढग आल्यावर बदलणारा आणि मावळतीला बंद पडणारा आवाज सोलर पंपाच्या कंट्रोलरचा. 2019 च्या कुसुम योजनेनंतर असे पंप शेतोशेती दिसू लागले. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतच्या लांब तारा अँटेनासारख्या वागतात, त्यामुळे यंत्र लहान असले तरी आवाज दूरवर जातो. दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चालणारा आवाज रस्त्यावरच्या दिव्यांचा. आणि सेकंदाला एक या हिशेबाने ‘टक्, टक्’ येत राहिले तर ती झटका मशीन. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पिकात शिरू नयेत म्हणून बांधावरून ओढलेल्या तारेत ती विजेचे ठोके सोडते. तार नीट ताणलेली असेल तर तिचा फारसा त्रास होत नाही. तारेला ओले गवत टेकले किंवा इन्सुलेटर तडकला की तिथे ठिणगी पडते आणि प्रत्येक ठोका रेडिओत ऐकू येतो. अशा वेळी दोष मशीनचा नसतो, कुंपणाचा असतो. शेतकऱ्यालाही तो कळायला हवाच असतो, कारण झटका तिथेच वाया जातो आणि डुक्कर आत येते.

सगळ्यांत चिवट प्रकार 11 केव्ही लाइनचा. सैल नट-बोल्ट, गंजलेला जोड किंवा पिन इन्सुलेटरवर ढिली पडलेली बांधणी यांत बारीक फट राहते आणि तीतून ठिणग्या उडतात. वीज 50 हर्ट्‌झची. प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला ठिणगी, म्हणून रेडिओत सेकंदाला 100 ठोक्यांची जाड भुणभुण येते. ती एएमवर स्पष्ट ऐकू येते. कोरडी हवा, ऊन आणि वारा तिला पोसतात. भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा ती ऐन भरात असते. मृगाच्या सरींनी फट ओली झाली की आवाज गायब होतो आणि ‘दुरुस्ती झाली वाटतं’ असा समज पसरतो. उघडीप पडून लाइन सुकली की तो पुन्हा हजर.

माग काढताना फ्रिक्वेन्सी वर चढवत न्यायची असते. 7 मेगाहर्ट्‌झवर ही भुणभुण तारांच्या अंगाने काही किलोमीटर पसरते, त्यामुळे सगळेच खांब दोषी वाटतात. 144 मेगाहर्ट्‌झवर क्षेत्र आवळते, 435 च्या आसपास दोन-चार खांब उरतात. पहिल्या टप्प्यात लूप, म्हणजे कड्यासारखी वळवलेली अँटेना कामाची. ती फिरवताना आवाज जिथे एकदम पडतो ती दिशा जोरदार आवाजाच्या दिशेपेक्षा नेमकी असते. मात्र उगम पुढे आहे की मागे हे लूप सांगत नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेऊन नकाशावर रेषा ओढायच्या. पुढच्या टप्प्यात तीन काड्यांची यागी, म्हणजे एकाच दिशेचे जोरात ऐकणारी अँटेना. ती लोखंडी मेजरिंग टेपच्या तुकड्यांची आणि पीव्हीसी पाइपची घरीच करतात. ठिबक सिंचनाच्या या मुलखात पाइपचा तुकडा शोधायला बाजारात जावे लागत नाही. अगदी जवळ गेल्यावर सेट सगळीकडे सारखाच ओरडतो. तेव्हा मध्ये लहर क्षीण करणारा अटेन्युएटर घालतात, नाही तर हँडी (हातात मावणारा सेट) छातीशी धरून जागेवर फिरतात. पाठ उगमाकडे झाली की आवाज सर्वांत कमी येतो.

तापीचे खोरे सपाट, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. रिपीटरवर (आलेली लहर पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्रावर) कुणाचा गाडीतला माइक सीटखाली दबून लहर अखंड चालू राहिली, तर पहिली दिशा घ्यायला धुळ्याजवळच्या लळिंगसारखी उंची बरी पडते. विजेच्या खरखरीसाठी तिचा उपयोग नाही, कारण उंचावरून चार तालुक्यांची खरखर एकदम ऐकू येते. सराव म्हणून लपवलेला छोटा ट्रान्समीटर शोधण्याचा ‘फॉक्स हंट’ हा खेळ जगभर खेळला जातो, आणि खऱ्या शोधात त्याचीच सवय कामी येते. काही पाहुणे मात्र पायी सापडणारे नसतात. सोव्हिएत संघाच्या ‘दुगा’ रडारने 1976 पासून 1989 पर्यंत सेकंदाला दहा ठोके देत जगभरच्या हॅमना छळले. अशा घुसखोरांची नोंद आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या निरीक्षण व्यवस्थेकडे जाते. भारत त्या संघाच्या तिसऱ्या विभागात मोडतो.

उगम सापडला की यंत्राचे काम संपते. परक्या शेतात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. रावेर-यावलकडे लेवा गणबोलीत आणि साक्रीकडे अहिराणीत चार शब्द बोलता येत असतील तर वाट सोपी होते. कंट्रोलरच्या तारांवर बसवायची, खरखर दाबणारी फेराइटची (चुंबकीय द्रव्याची) कडी हॅम बहुधा स्वतःच आणून देतो. ठिणगी नक्की कुठे पडते हे पाहण्यासाठी खांबावर घण मारून बघण्याची खोड जुन्यांमध्ये आढळते, ती जिवावर बेतू शकते. आधीच ढिला इन्सुलेटर निसटून तार अंगावर येते. खांबाचा क्रमांक, फीडरचे नाव, आवाजाच्या वेळा आणि दुरून घेतलेला फोटो एवढे पुरे. ‘रेडिओत खरखर येते’ असा अर्ज वीज कार्यालयात पडून राहतो. त्याच अर्जात ‘या खांबावर ठिणग्या पडतात आणि खाली कापणीला आलेला गहू आहे’ असे लिहिले, तर लाइनमन लवकर येण्याची शक्यता पुष्कळ जास्त.