लेखाचं वय आणि भाषेचं वय

नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना भाच्यानं मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवला, "मामा, संस्कृत जगातली सगळ्यात जुनी भाषा." मागून येणारे एक काका लगेच म्हणाले, "छे, तमिळ!" मला धाप लागली होती, म्हणून वादातून वाचलो.

वर दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा दुसऱ्या शतकातला कोरीव लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा संस्कृत-प्राकृताची सरमिसळ. (ब्राह्मीला भाषा समजणारेही भेटतात, पण तो वेगळाच घोटाळा.) त्यात "इदं लेणं कारितं" असं आहे. भाचा उडालाच, "लेणं? म्हणजे ही मराठीच की!"

शब्द आपला, वाक्य मात्र आपलं नाही. आणि लेखाच्या वयावरून कळतं ते इतकंच, की भाषा निदान तेवढी जुनी आहे. त्याआधी ती किती काळ बोलली जात होती, यावर दगड गप्प असतो.

दगडालाच जन्मदाखला मानलं तर गंमत बघा. अशोकाचे प्राकृत लेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. शुद्ध संस्कृतातला पहिला मोठा शिलालेख मात्र गुजरातेतल्या गिरनारचा, क्षत्रप राजा रुद्रदामनाचा, इ. स. १५०च्या सुमाराचा. म्हणजे संस्कृत प्राकृतापेक्षा चारशे वर्षांनी धाकटी? ऋग्वेद त्याच्या कितीतरी आधीपासून तोंडपाठ चालत आला होता. आणि मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही ऋग्वेदातल्या देवांची नावं इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात थेट पश्चिम आशियातल्या मितान्नी राज्याच्या राजाच्या तहनाम्यात, कीलाक्षरांत (म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत) सापडतात.

मग भाषेचं वय काढायचं कसं? मला तर तो प्रश्नच लंगडा वाटतो. आईची एक भाषा आणि लेकराची दुसरीच, असं एकाही पिढीत झालेलं नाही. बोलणं हळूहळू बदलत गेलं, कुठे नाव बदललं, कुठे टिकलं. तमिळचं टिकलं, म्हणून ती आपल्याहून जुनी वाटते. संस्कृत तिची आई नाही, तिचं द्रविड कुळच वेगळं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तोही जुन्या समृद्ध वाङ्मयासाठी, "सगळ्यात जुनी" म्हणून नव्हे.

उतरताना भाच्यानं विचारलं, "पण मराठी नेमकी कधी सुरू झाली?" मी म्हटलं, "त्र्यंबकला उगम पावते ती गोदावरी. रामकुंडावर आपण तिलाच गंगा म्हणतो. वाटेत नेमक्या कुठल्या घाटावर ती गंगा झाली, ते दाखव, मग सांगतो."

"गंगापूरला," तो म्हणाला.